गावच्या स्मृतिस्तंभावर काय लिहावे, आणि मानवंदना कशी द्यावी?

वेशीवरचा (प्रश्नकर्ता)

सर्वांना नमस्कार. आमचे गाव खानापूर तालुक्यात, जंगलपट्टीला लागून आहे. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आल्याला शंभर वर्षे उलटून गेली, त्यामुळे आमच्याकडे पोरगा दहावी झाला की पहाटे रस्त्याने धावताना दिसतो. कुठे निघालास, हे त्याला कोणी विचारत नाही. अशा गावात सैन्यात गेलेल्या आणि परत न आलेल्या माणसांचे एकही स्मारक नाही, ही गोष्ट गेल्या पावसाळ्यात ग्रामसभेत कोणीतरी बोलून दाखवली आणि प्राथमिक शाळेच्या आवारात एक साधा स्मृतिस्तंभ उभारण्याचे ठरले. समितीत मीही आहे.

खर्चाचे जमले आहे; अडचण मजकुराची आहे. स्तंभावर ‘शहीद’ लिहावे, ‘हुतात्मा’ लिहावे की ‘वीरजवान’, यावर दोन बैठका गेल्या. गावात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी घरे आहेत, त्यामुळे लिपीचा प्रश्न आहेच. त्याहून अवघड वाद एका नावाचा आहे. गावातील एक जवान नोकरीत असतानाच, सुट्टी संपवून परत जाताना अपघातात गेला. तो लढाईत गेला नाही म्हणून त्याचे नाव नको, असे काहींचे म्हणणे आहे. त्याचे वडील बैठकीला येतात, मागे बसतात आणि एक शब्दही बोलत नाहीत.

आणखी एक गोष्ट. जुन्या चावडीच्या भिंतीत हातभर लांबीची एक इंग्रजी पाटी बसवलेली आहे. वर्षानुवर्षे चुन्याचे हात बसल्यामुळे तिच्यावर काही आहे हेच आम्ही विसरलो होतो. नखाने थोडा चुना काढला तेव्हा १९१४ हा आकडा दिसला.

हे सगळे व्यवस्थित व्हावे अशी इच्छा असण्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी शेजारच्या गावात अशाच एका कार्यक्रमाला गेलो होतो. फलकावर पुढाऱ्यांची छायाचित्रे मोठी आणि जवानाचे खाली कोपऱ्यात, तेही जुन्या ओळखपत्रावरून वाढवून धूसर झालेले. निवेदकाने जवानाचे नाव चुकीचे घेतले. त्याची आई तिसऱ्या रांगेत बसली होती, ती शेजारणीला हळूच म्हणाली, “हे माझ्या लेकाचं नाव नव्हं.” सत्कारांच्या शाली वाटून होईपर्यंत दीड तास गेला आणि पुष्पचक्र वाहायची वेळ आली तेव्हा निम्मी माणसे जेवणाच्या रांगेत होती. आमच्याकडून तसे होऊ नये. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

---

लालहिरवा तुरा

नमस्कार. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो, सध्या बेळगाव तालुक्यात शेती करतो. मानवंदनेबद्दल विचारले आहे, तेवढ्यापुरते सांगतो.

आमच्या केंद्रात शर्कत युद्धस्मारक आहे. ऑक्टोबर १९१८ मध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, शर्कतच्या लढाईत ११४ वी मराठा पलटण लढली. त्या लढाईचे नाव स्मारकाला आहे. रंगरूट कसम परेड करून जवान होतो, त्या दिवशी मोठे अधिकारी आधी तेथे पुष्पचक्र वाहतात. तेथे भाषण होत नाही. मी स्वतः कसम खाल्ली त्या दिवशी तेथे किती शांतता होती, ते आजही आठवते. दुरून फक्त बुटांचा आवाज येत होता.

क्रम असा असतो. पुष्पचक्र वाहिले जाते. मग तुकडीला ‘शोक शस्त्र’चा हुकूम मिळतो, जवान रायफल उलटी करून नळी खाली टेकवतात, दोन्ही हात दस्त्यावर ठेवतात आणि मान खाली घालतात. एरवी सैनिकाला मान खाली घालण्याची मुभा नाही, आणि हत्याराची नळी जमिनीला लागू न देणे हा तर पहिला धडा असतो. तो मोडायचा तो फक्त मेलेल्या सोबत्यासाठी. त्यानंतर बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ वाजते. ही मुळात छावणीतली रात्रीची खूण आहे: शेवटच्या चौकीपर्यंत पहारे तपासून झाले, आता दिवस संपला. मग मौन, आणि शेवटी ‘राऊज’, म्हणजे उठण्याची बिगुल. रात्रीच्या बिगुलीनंतर सकाळची बिगुल का वाजवतात, हे मला कोणी शिकवले नाही आणि मीही कधी विचारले नाही.

अंत्यविधीला याच्या जोडीला हवेत तीन फैरी झाडल्या जातात. तिरंगा पार्थिवावर घालताना केशरी पट्टा डोक्याकडे ठेवतात. ध्वजसंहितेनुसार झेंडा चितेवर जळू द्यायचा नसतो आणि कबरीतही उतरवायचा नसतो. तो आधी काढून, घडी घालून घरच्यांच्या हाती देतात. आपल्या भागात मराठ्यांकडे दहन होते आणि लिंगायतांकडे दफन. मी दोन्ही ठिकाणी झेंडा उचलणाऱ्यांत होतो. घडी तीच असते. हातांवर तिचे वजन काहीच नसते, आणि ती समोरच्या बाईच्या ओंजळीत ठेवताना तिच्या चेहऱ्याकडे पाहायचे की झेंड्याकडे, हे मला अठ्ठावीस वर्षांत ठरवता आले नाही.

गावात बिगुलर मिळणार नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत केंद्राला किंवा एनसीसीच्या तुकडीला विनंती करून पाहावी. नाही मिळाला तर दोन मिनिटे मौन पुरेसे आहे. मोबाईलवरची बिगुल ध्वनिक्षेपकावर लावू नये, ही हात जोडून विनंती. एकदा ऐन मौनात त्याच मोबाईलवर फोन आलेला मी ऐकला आहे.

अपघातात गेलेल्या जवानाबद्दल. लष्कराच्या कागदावर लढाईतील मृत्यू आणि इतर मृत्यू वेगळे नोंदवले जातात, कारण त्यावर निवृत्तिवेतन आणि इतर लाभ ठरतात. तो हिशेब कागदाचा आहे, गावाने तो दगडावर कशाला आणावा? लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातील बेटदूरचे, १९ मद्रास पलटणीचे. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचिनमध्ये हिमकडा कोसळून ते दहा जण गाडले गेले. सहा दिवसांनी ते एकटे जिवंत सापडले आणि ११ तारखेला दिल्लीत गेले. त्यांना कोणाची गोळी लागली नव्हती. त्यांचे नाव कमी मोलाचे आहे, असे म्हणणारा माणूस आपल्या भागात मला तरी भेटलेला नाही.

---

संकेश्वरचा शेजारी

माझी मातृभाषा कन्नड आहे, शिक्षण मराठी शाळेत झाले. शब्दाच्या वादाबद्दल थोडे लिहितो.

‘शहीद’ हा शब्द सरकारी कागदपत्रांत अधिकृत नाही, हे केंद्र सरकारने संसदेत सांगितलेले आहे. लष्करानेही २०२२ साली पत्र काढून इंग्रजीतील ‘मार्टर’ हा शब्द टाळण्याची सूचना केली होती, कारण त्याचा मूळ अर्थ धर्मासाठी प्राण देणे असा आहे. लोकांनी तो बोलू नये असा याचा अर्थ होत नाही, पण दगडावर कोरायचा असेल तर मी तो घेणार नाही.

‘हुतात्मा’ या शब्दाबाबत काही जण कुरकुरत असतील, तर त्यामागचे कारण मला ठाऊक आहे. बेळगावात हा शब्द उच्चारला की मराठी माणसाला आधी सीमाप्रश्नावरच्या गोळीबाराचा १७ जानेवारी १९५६ आठवतो, हुतात्मा चौक आठवतो. तेव्हा कन्नड घरांना तो शब्द एका बाजूचा वाटेल, अशी शंका तुमच्या समितीत आली असणार. प्रत्यक्षात कन्नड वर्तमानपत्रे वीरमरण आलेल्या जवानाला ‘हुतात्म योध’च म्हणतात. शब्द दोघांचाही आहे. एकाच शब्दाच्या दोन लिपींतील रूपांसाठी दोन बैठका गेल्या, हे वाचून हसू आले आणि थोडे वाईटही वाटले.

लिपी दोन्ही ठेवा, अक्षरांची उंची सारखी ठेवा. आणि राजमुद्रा, म्हणजे चार सिंहांचे बोधचिन्ह, स्तंभावर कोरू नका. २००५ च्या कायद्यानुसार तिचा असा खासगी वापर करता येत नाही. शिल्पकार हौसेने आधी तेच सुचवतो. पलटणीचे बोधचिन्ह हवे असेल तर केंद्राला विचारून घ्या. शाळेचे आवार निवडले हे उत्तम झाले, कारण सार्वजनिक रस्त्यावर पुतळे किंवा बांधकामे उभारण्यास परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आहे.

जाता जाता: सुभेदारसाहेबांनी सांगितलेला झेंडा बहुधा आपल्याच मुलखातला असतो. हुबळीजवळच्या बेंगेरीत खादीचे प्रमाणित राष्ट्रध्वज शिवले जातात आणि त्याचे कापड बागलकोट जिल्ह्यातील तुळसीगेरीच्या मागांवर विणले जाते.

---

जुना मास्तर

तुमच्या चावडीतील पाटीबद्दल वाचून राहवले नाही म्हणून लिहितो आहे. चुना खरवडू नका, पाण्याने भिजवून मऊ ब्रशने काढा. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने अशा पाट्या पुष्कळ गावांत बसवल्या. मजकूर जवळजवळ सगळीकडे सारखाच असतो: या गावातून इतकी माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे तेवढे गावागणिक वेगळे. नाव एकाचेही नसते.

आपल्याकडची माणसे त्या युद्धात कोठे गेली हे पाहिले तर बरीचशी मेसोपोटेमियात सापडतात. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तेथे होत्या. डिसेंबर १९१५ पासून कूत या गावात त्यांना तुर्की फौजेचा वेढा पडला. खाण्यापिण्याचे इतके हाल झाले की घोडे मारून खाण्याची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. पुढे कैदेत, वाळवंटातील पायपिटीत किती गेले याची दाद ना फिर्याद. या सर्वांचे स्मारक बसऱ्याला आहे. त्यावर चाळीस हजारांहून अधिक मृतांचे स्मरण केलेले आहे, परंतु नावे कोरली ती ब्रिटिशांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची. साध्या हिंदी शिपायांसाठी पलटणीच्या नावाखाली ‘आणि इतर इतके हिंदी सैनिक’ असा आकडा लिहिला गेला. युद्धकबरींची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ साली अहवाल प्रसिद्ध करून या भेदभावाबद्दल माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, मागितली.

तुमच्या चावडीतला आकडा आणि बसऱ्याच्या भिंतीवरचा आकडा यांत एखादा माणूस सामाईक असू शकतो. त्याचे नाव शोधता येते. त्या आयोगाच्या संकेतस्थळावर नावनोंदी खुल्या आहेत आणि पुष्कळ नोंदींत वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. शोधताना बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते हे ध्यानात ठेवा, आणि गावाचे नाव साहेबाच्या कानाला जसे लागले तसे लिहिलेले असणार, म्हणून चार-पाच प्रकारे लिहून पाहा. आडनाव बहुधा नसतेच. पाटलाच्या घरी जुनी दप्तरे असतील तर त्यांतील वंशावळीशी ताडून पाहा. कंटाळवाणे काम आहे, पण पावसाळ्यात दुसरे करतो तरी काय आपण?

त्या अपघाती जवानाबद्दल सुभेदारसाहेबांशी मी सहमत आहे, आणि आणखी एक आधार देतो. हाच आयोग ठरावीक तारखांच्या आत नोकरीत असताना मेलेल्या प्रत्येकाची नोंद घेतो. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१. गोळीने गेला, पटकीने गेला की गाडीखाली सापडला, हे पाहत नाहीत.

दगडाविषयी एक सुचवावेसे वाटते. संगमरवराचा चकचकीत फलक लावण्यापेक्षा आपल्या मातीतला नमुना पाहा. हलशीच्या बाजूला गेलात, किंवा कोणत्याही जुन्या शिवालयाच्या आवारात पाहिलेत, तर शेंदूर फासलेले वीरगळ उभे दिसतील. बायका त्यांना देव समजून हळद वाहतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत पडलेल्या वीराला अप्सरा वर नेत आहेत, त्यावर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत याची आठवण राहो. गाई राखताना मेलेला गुराखीही त्यांत असतो, राजाच असला पाहिजे असे नाही. ‘वीरगळ’ हा शब्द कन्नड ‘वीरगल्लु’वरून आलेला, कल्लु म्हणजे दगड. शेजारीदादांनी लिहिलेच आहे, शब्दांना आपल्याइतकी सीमा कळत नाही.

---

चिकोडीची सून

सर्वांचे वाचले. माझे पती सैन्यात होते आणि ते ड्युटीवर असतानाच गेले. कोणत्या वर्षी आणि कोठे, हे येथे लिहीत नाही.

पार्थिव आणले त्या दिवशी गावाने जे केले त्याचे ऋण मी विसरणार नाही. वेशीपासून घरापर्यंत सडा-रांगोळी घातली होती. ट्रॅक्टरची ट्रॉली रात्रभर जागून झेंडूने सजवली होती. ज्यांच्याशी आमचे बांधावरून भांडण होते त्यांनीच सरणाची लाकडे स्वतःच्या शेतातून आणली. दुकाने कोणी न सांगता बंद होती.

परंतु पुढच्या संक्रांतीला मला हळदीकुंकवाचे बोलावणे आले नाही. ज्या बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या होत्या, त्यांनीच बोलावले नाही, रीत म्हणून. ऑगस्टमध्ये झेंडावंदनाला मात्र ‘वीरपत्नी’ म्हणून पहिल्या खुर्चीवर बसवले. चौकात मान आणि दारात अडवणूक, हे दोन्ही एकाच गावाने केले आणि कोणाला त्यात विसंगत असे काही वाटले नाही.

आमच्यापासून जवळच, कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला: कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, कार्यात येऊ न देणे. महाराष्ट्र सरकारने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना तसे करण्याविषयी परिपत्रक काढले. सीमेच्या अलीकडे तो कागद लागू होत नाही, पण ठराव करायला आपली ग्रामपंचायत पुरे. स्तंभाच्या जागेचा ठराव कराल त्याच सभेत हा विषय घ्यावा, असे मला सुचवायचे आहे.

कार्यक्रमाबद्दल एवढेच म्हणेन की घरच्यांना आधी एक दिवस त्या जागी नेऊन आणा. पहिल्यांदा नाव कोरलेले पाहायचे ते ध्वनिक्षेपक आणि कॅमेऱ्यासमोर पाहावे लागू नये. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात आम्हाला नेले होते. २०१९ साली ते झाले. तेथे वर्तुळाकार भिंतींवर प्रत्येकाचे नाव वेगळ्या दगडावर आहे. संध्याकाळी एखाद्या कुटुंबाच्या हातून पुष्पचक्र वाहिले जाते. मी ह्यांच्या नावावर तळहात ठेवला. दगड दिवसभर उन्हात तापलेला होता. सासूबाईंचा हात पोहोचत नव्हता, तेव्हा पहाऱ्यावरच्या एका पोराने काही न बोलता त्यांना आधार देऊन उभे केले. नावाची उंची ठरवताना म्हातारी माणसे ध्यानात घ्या.

---

लालहिरवा तुरा

ताई, आपले वाचून दोन दिवस काही लिहिले नाही. घरात बायकोला वाचून दाखवले. यंदा आमच्या गल्लीतील हळदीकुंकू आमच्याच घरी आहे, आणि बोलावण्याची यादी ती स्वतः करते आहे. आमच्या गल्लीत अशी दोन घरे आहेत.

वेशीवरचे साहेब, एक राहिले. माजी सैनिकांना कार्यक्रमात शाल-श्रीफळ देऊ नका. आम्ही जिवंत परत आलो, त्या दिवशी आमचे काही काम नाही. खुर्च्या लावायला सांगा, आनंदाने लावू.

---

वेशीवरचा (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण बैठक रविवारी होती.

मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे चावडीतील पाटी भिजवून साफ केली. तीन तास लागले, शाळेची मुले पाणी आणून देत होती. मजकूर त्यांनी लिहिला तसाच निघाला: गेलेले सव्वीस, न परतलेले चार. मुलांपैकी एकीने विचारले, “चौघांची नावं काय?” आम्ही पाच मोठी माणसे तेथे उभी होतो. संकेतस्थळावर गावाचे नाव सात प्रकारे लिहून पाहिले, तेव्हा एक नोंद लागली. वडिलांचे नाव आणि तालुका जुळतो. पाटलांच्या दप्तरात ते घराणे आहे का, हे पाहण्याचे काम सुरू आहे. उरलेल्या तिघांसाठी स्तंभावर जागा मोकळी सोडणार आहोत.

शब्द ‘हुतात्मा’ ठरला, दोन्ही लिपींत, सारख्या उंचीचा. दगड काळा, स्थानिक, माथ्यावर चंद्र-सूर्य. नावे कमरेच्या उंचीपासून सुरू होतील. ताईंनी सुचवलेला विषय सभेपुढे ठेवला; तीन जण उठून गेले, पण विषय कामकाजात नोंदवला गेला आहे आणि पुढच्या ग्रामसभेत येईल.

अपघातात गेलेल्या जवानाचे नाव घ्यायचे ठरले. शिल्पकाराला देण्यासाठी सर्व नावे घरच्यांकडून लिहून घेत होतो. त्याचे वडील शेवटी उठले, माझ्या हातातला कागद घेतला आणि मी लिहिलेले नाव खोडून स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिले. मी ऱ्हस्व वेलांटी दिली होती.

“दीर्घ हाय ती,” म्हणाले. “शाळंत घालताना मीच सांगितल्याली.”

आणि कागद परत देण्याआधी त्यांनी तो एकदा नीट वाचून पाहिला.